मोठी एसयूव्ही गॅरेजला आणताना: धक्के, आवाज आणि पिवळे दिवे
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सात सीटच्या मोठ्या एसयूव्हीबद्दल मालकांच्या तक्रारी बहुतेक दोन वाक्यांत येतात: "गाडी रस्त्याला पहिल्यासारखी धरून चालत नाही" आणि "मागच्यांना धक्के फार बसतात." दोन्ही खरी असतात. पण एवढ्यावरून पार्ट बदलायला घेतले तर बिल वाढतं आणि तक्रार तिथेच राहते. दोन-अडीच टनांच्या गाडीत वजनाचा मार आधी रबरावर येतो: टायर, बुश (लोखंडी जोडांतली रबरी नळी), माउंटिंग (इंजिन-गिअरबॉक्सखालची रबरी बैठक). लोखंड बऱ्याच नंतर झिजतं. म्हणून आम्ही तपासणी रबरापासून सुरू करतो. त्यातली निम्मी तुम्ही घरच्या घरी करू शकता.

आधी हवा, मग बाकी सगळं

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर टायरच्या हवेचा स्टिकर असतो. त्यावर दोन आकडे असतात, एक रिकाम्या गाडीसाठी आणि एक भरलेल्या गाडीसाठी. दोन्हींत मागच्या टायरचा फरक 6-8 पीएसआयचाही असू शकतो. सात माणसं आणि सामान घेऊन जाऊन आल्यावर मागची हवा तशीच राहिली, की सोमवारी एकट्याने गाडी चालवताना ती दगडासारखी वाटते. हवा थंड टायरला तपासा, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर. टायर गरम असताना आकडा वाढलेला दिसतो, म्हणून हवा काढू नका.

टायरवर लिहिलेला मोठा आकडा ही टायरची कमाल मर्यादा असते. तेवढी हवा भरायची नसते. ही चूक पंपावरही होते.

मोठे रिम लावल्यावर गाडी का आदळते, याचा साधा हिशेब बघा. 265/60 आर18 टायरची बाजू म्हणजे साइडवॉल 265 मिमी रुंदीच्या 60 टक्के, म्हणजे 159 मिमी उंच असते. 265/50 आर20 ची 132.5 मिमी. बाहेरचा व्यास जवळजवळ तेवढाच राहतो, पण धक्का पिणारं रबर 26.5 मिमीने घटतं, शिवाय रिम बहुतेक वेळा जड होतो. दिसायला गाडी झक्कास दिसते, हे मान्य. पण त्यानंतर "शॉकअप खराब झालेत का" असं विचारू नका. लोड इंडेक्सही (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) बघा: 112 म्हणजे एका टायरला 1120 किलो, 100 म्हणजे 800 किलो. मूळ टायरपेक्षा कमी इंडेक्सचा टायर या गाड्यांना आम्ही बसवत नाही.

रिकामी उडते, भरली की बसते

लॅडर फ्रेमच्या (शिडीसारख्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर बॉडी बसवलेल्या), मागे अखंड अ‍ॅक्सल असलेल्या गाड्यांचा हा स्वभावच आहे. मागच्या स्प्रिंग पूर्ण भार धरून बनवलेल्या असतात, आणि अ‍ॅक्सल, डिफरन्शियल, चाकं असं सगळं जड सामान स्प्रिंगच्या खाली लटकतं. एका चाकाला खड्डा लागला की धक्का दुसऱ्या बाजूलाही पोचतो. शॉकअप बदलून हा स्वभाव जात नाही. मोनोकॉक बॉडी (सांगाडा आणि बॉडी एकच) आणि चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असलेली गाडी याबाबतीत मऊच असणार. गाडी बदलायचा विचार असेल तर टेस्ट ड्राइव्ह तिसऱ्या रांगेत बसून घ्या. ती रांग बऱ्याच गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलवर किंवा त्याच्याही मागे येते, त्यामुळे गाडीचं वर-खाली होणं तिथे सगळ्यात जास्त जाणवतं. ज्यांना गाडी लागते त्यांना मधल्या रांगेत बसवा.

आवाज कसा ओळखायचा

"समोरून आवाज येतो" यापेक्षा कधी येतो ते सांगा. एक चाचणी कोणालाही जमेल. स्पीडब्रेकरवरून हळू जाताना आधी दोन्ही चाकं एकदम चढवा. नंतर गाडी तिरकी घेऊन एकेक चाक चढवा. एकेका चाकाला टकटक येते आणि दोन्ही एकदम चढल्यावर जवळपास थांबते, तर स्टॅबिलायझर बार (वळणावर गाडीचं कलणं कमी करणारी, दोन्ही चाकांना जोडणारी दांडी), म्हणजे त्याची लिंक किंवा रबर बघायचं. दोन्ही चाकं सारखी वर गेली की तो बार पिळला जात नाही, म्हणून आवाज येत नाही. हा तुलनेने स्वस्त पार्ट आहे, पण याच आवाजासाठी स्टिअरिंग रॅक बदललेल्या गाड्या आहेत.

ब्रेक मारताना किंवा डीमधून आरमध्ये टाकताना एकच "धप" आला, तर लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बुश. पूर्ण स्टिअरिंग कापून वळताना कटकट आणि रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं, तर सीव्ही जॉइंटचा (चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या जोडाचा) बूट, म्हणजे रबरी आवरण, फाटला आहे. वेगाबरोबर वाढणारी घरघर वळणावर कमी-जास्त झाली, तर बेअरिंग. थांबून पुन्हा निघताना खालून मधोमध "ठक" आला, तर आधी प्रोपेलर शाफ्टला (गिअरबॉक्सकडून चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याला) ग्रीस मारून बघा. ज्या शाफ्टला ग्रीस निपल असतं तिथे बऱ्याचदा तेवढ्यावर काम होतं.

बुश बदलून सहा महिन्यांत पुन्हा फाटला, अशी तक्रार आली की आम्ही आधी एक गोष्ट विचारतो: बोल्ट पूर्ण कधी आवळला, गाडी लिफ्टवर असताना की जमिनीवर? गाडी लिफ्टवर असते तेव्हा चाकं खाली लोंबत असतात. त्याच स्थितीत आर्मचा बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी जमिनीवर आल्यावर बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं. बोल्ट आधी नुसते धरून ठेवायचे, गाडीचं वजन चाकांवर आणायचं आणि मग टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळायचे. काम दुसरीकडे करून घ्याल तिथेही हे विचारा.

शॉकअपवर तेलाचा हलका ओलावा चालतो. तेल ओघळत असेल, किंवा टायरच्या नक्षीवर हात फिरवल्यावर उंच-खोल लागत असेल, तर त्या अ‍ॅक्सलची जोडी बदला. एकच बदलू नका.

थरथर

साधारण 80 ते 110 च्या वेगात स्टिअरिंग थरथरतं आणि त्याहून कमी-जास्त वेगात शांत होतं, तर व्हील बॅलन्सिंग. फक्त ब्रेक लावल्यावर थरथरत असेल, तर ब्रेकची डिस्क. डिस्क "वाकण्याचं" एक कारण टायरवाल्याकडे सापडतं: नट एअर गनने वेडेवाकडे आवळले की डिस्क हबवर सरळ बसत नाही. 40 ते 80 च्या वेगात, अ‍ॅक्सिलरेटर अगदी हलका दाबलेला असताना, खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखं वाटत असेल आणि गाडी ऑटोमॅटिक असेल, तर चाकांत वेळ घालवू नका. टॉर्क कन्व्हर्टरचा (ऑटोमॅटिकमध्ये क्लचचं काम करणाऱ्या भागाचा) लॉकअप आणि जुनं झालेलं गिअर ऑइल तपासायला हवं.

"लाइफटाइम ऑइल" हा शब्द जड गाडीच्या बाबतीत आम्ही मानत नाही. ओझं, घाट, ट्रॅफिक असा वापर असेल तर 60 ते 80 हजार किलोमीटरला ऑटोमॅटिकचं ऑइल बदला. नुसता ड्रेन प्लग उघडला तर साधारण निम्मंच तेल निघतं, उरलेलं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये अडकून राहतं. लेव्हल कंपनीने सांगितलेल्या तापमानाला, इंजिन चालू ठेवून बघायची असते. थंड गिअरबॉक्सवर "फुल" केलेलं ऑइल गरम झाल्यावर जास्त ठरतं.

एअर सस्पेन्शन: टेप आणि दोन वेळचे आकडे

सकाळी गाडी एका कोपऱ्यात बसलेली दिसते, इंजिन चालू केल्यावर उचलली जाते आणि मालक निश्चिंत होतो. गाडी नेमकी याच वेळी आमच्याकडे आणायची असते. सपाट जागी गाडी लावून चारही चाकांच्या मधल्या बिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंत उंची मोजा. रात्रीचे चार आकडे आणि सकाळचे चार आकडे लिहा. थंडीने सगळे कोपरे सारखे थोडे खाली येऊ शकतात. एकच कोपरा उतरला, तर त्या बाजूची एअर स्प्रिंग किंवा तिचा जोड गळतो आहे. रबराच्या घडीवर साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे दिसतात. गळती तशीच ठेवली की छोटा कंप्रेसर सारखा चालत राहतो आणि जळतो. मग एका कामाची दोन होतात. नवा कंप्रेसर बसवण्याआधी गळती काढलीच पाहिजे, नाहीतर तोही त्याच वाटेने जातो. गाडी जॅकवर घेताना सस्पेन्शन जॅक मोडवर टाकायला विसरू नका.

डिझेल आणि छोट्या फेऱ्या

शाळा, बाजार, ऑफिस अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांना मोठं डिझेल इंजिन नीट तापतच नाही. डीपीएफ फिल्टरमधली (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली) काजळी जळायला जवळपास 600 अंशांची उष्णता लागते. ती आणण्यासाठी इंजिन स्वतःहून जास्तीचं डिझेल सोडतं. त्या वेळी आयडलिंग किंचित वाढतं, गाडी थांबवल्यावरही पंखा जोरात फिरतो, अ‍ॅव्हरेज अचानक पडतं आणि गरम वास येतो. अशा वेळी इंजिन बंद करू नका. सरळ रस्त्यावर 15-20 मिनिटं 60 च्या वर एकसारखी चालवा.

दरवेळी अर्ध्यावर बंद केलं की न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. म्हणून डिपस्टिकवर ऑइल कमी झालंय का एवढंच बघू नका, वाढलंय का तेही बघा. कमाल खुणेच्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर गाडी चालवू नका, फोन करा. ऑइलही मॅन्युअलमध्ये दिलेल्या कमी राखेच्या ग्रेडचंच घाला. काजळी जळते, राख जळत नाही. ती फिल्टरमध्ये साठतच जाते.

एकदम पाच दिवे लागले

एबीएस, स्टिअरिंग, 4डब्ल्यूडी, पार्किंग सेन्सर असे डॅशबोर्डवरचे असंबद्ध दिवे एकाच सकाळी लागले, तर आधी बॅटरी बघा. रात्रभर उभ्या गाडीला 12.6 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. 12.2 म्हणजे ती निम्म्यावर आली आहे. स्टार्ट-स्टॉपच्या (थांबल्यावर इंजिन आपोआप बंद होणाऱ्या) गाडीत एजीएम प्रकारची बॅटरी असेल तर एजीएमच बसवा. काही गाड्यांत नव्या बॅटरीची स्कॅनरने नोंद करावी लागते.

फोर व्हील ड्राइव्ह

पार्ट-टाइम फोर व्हील (गरजेपुरतं हाताने लावायचं) कोरड्या डांबरावर लावून वळू नका. पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं आणि मध्ये डिफरन्शियल नसतं, त्यामुळे ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) पिळली जाते. पण वर्षभर लावलंच नाही तर तेही अडकतं. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर 10-15 किलोमीटर चालवा. फुल-टाइम (चारही चाकांना कायम ताकद जाणाऱ्या) गाडीत एकच नवा टायर टाकू नका. चारही टायरच्या नक्षीत 2-3 मिमीपेक्षा जास्त फरक नको. खोल पाण्यातून गाडी काढली असेल तर डिफरन्शियलचं ऑइल तपासून घ्या. दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलं आहे.

गाडी आणण्याआधी

एका कागदावर लिहून आणा: आवाज किंवा थरथर कोणत्या वेगाला, इंजिन थंड असताना की गरम असताना, ब्रेकवर, वळणावर की सरळ, गाडीत माणसं किती होती, आणि शेवटी टायर किंवा सस्पेन्शनचं काय काम झालं. मोबाइलवर आवाजाचं रेकॉर्डिंग असेल तर उत्तम. गाडी आदल्या रात्रीपासून थंड ठेवून दाखवायची असेल तर आधी कळवा. आमच्याकडच्या कामात चाकं काढली-बसवली असतील, तर 100 किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा टॉर्क करून घ्यायला या.