वळीव की मान्सून? पहाटेचा वारा बघा

देवगडजवळ आम्ही मे महिन्यात नववी-दहावीच्या मुलांसाठी हवामान शिबिर घेतो. संध्याकाळी गडगडून खळं भिजलं की कोणीतरी विचारतंच, "सर, मान्सून आला?"

तो असतो वळीव. दुपारभर सह्याद्रीचा माथा तापतो, समुद्रावरची दमट हवा वर चढते आणि चारच्या सुमारास घाटाकडे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा ढग उभा राहतो. त्याचा माथा १२-१५ किलोमीटर उंच जातो, तिथे बर्फ तयार होतो. म्हणून विजा, कधी गारा. तास-दीड तास झोडपतो आणि संपतो. शेजारच्या वाडीत टिपूसही नसतो.

मान्सूनचे ढग बुटके, करडे, आभाळभर पसरलेले. दर्यावरून येऊन सह्याद्रीला थडकतात आणि दिवस-रात्र कोसळतात. विजा कमीच.

आता पाऊस किती पडला यावरून फरक ठरवायला गेलात तर फसाल. वळीवही अर्ध्या तासात पर्जन्यमापक भरून टाकतो. वारा बघावा, पण त्यातही एक मेख आहे. उन्हाळ्यात रोज दुपारी खारा वारा समुद्राकडूनच येतो! आमच्या मुलांनी बांबूच्या टोकाला बांधलेलं लाल फडकं दुपारी घाटाकडे ताणलेलं असतं, वळवाच्या झोतात गर्रकन फिरून दर्याकडे फडफडतं आणि पहाटे मतलई वाऱ्यात पुन्हा दर्याकडेच हलकंसं झुकतं. मान्सून आला की हा रोजचा फेरा मोडतो. पहाटे पाचलाही फडकं घाटाकडेच. म्हणून आमची सगळ्यात मोलाची नोंद पहाटेची, आणि तिच्यासाठी उठायला मुलं भांडतात याचा मला फार आनंद होतो.

हवामान खातंही नुसता पाऊस मोजत नाही. केरळातलं आगमन जाहीर करताना १० मे नंतर ठरलेल्या १४ केंद्रांपैकी किमान ६० टक्क्यांवर सलग दोन दिवस २.५ मिलिमीटर वा जास्त पाऊस हवा, शिवाय पश्चिमी वाऱ्यांचा जोर आणि त्या वाऱ्यांचा थर किती उंचीपर्यंत आहे हेही बघतात. २०२५ मध्ये केरळात २४ मे रोजी आणि आमच्या देवगडपर्यंत २५ मे रोजी मान्सून पोचला.

धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरलेलं भात वळवाने उगवतं आणि पुढे आठवडाभर कडक ऊन पडलं की कोवळी रोपं करपतात. शिबिराच्या शेवटच्या दिवशी एका मुलाने घरी फोन लावला. आजोबा पेरणीला निघाले होते. त्याने एवढंच विचारलं, "आजोबा, रातीचो वारो खंयसून येता?"