पार्श्वभूमी : जादा पोत्याची सवय

'एक पोतं जास्त टाका, काळजी नको.' पुण्यात घर बांधलेल्या माणसाने स्लॅबच्या दिवशी हा सल्ला ऐकलेला असतोच. काँक्रीटमधलं सिमेंट कमी करायचं तर आधी ही सवय कुठून आली ते पाहायला हवं.

वाड्यांचे दगड आणि विटा चुन्याने सांधलेल्या असत. चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, मिसळली की मसाला ओलातही टिकायचा. पण घट्ट व्हायला वेळ घ्यायचा. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४चं; पोरबंदरला त्याचा कारखाना १९१४ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या वेगापुढे सुरखी मागे पडली. पुढे सिमेंट परवान्यावर मिळू लागलं. नियंत्रण १९८२ मध्ये सैल झालं, १९८९ मध्ये उठलं. साइटवरचा हिशेब मात्र घमेल्याचाच राहिला : एक घमेलं सिमेंटला दोन वाळू, चार खडी. त्यात पाणी कोणी मोजत नसे. माल सहज पसरावा म्हणून पाणी वाढे, ताकद घटे, आणि ती भरून काढायला जादा पोतं पडे.

त्या पोत्याची किंमत हवेला मोजावी लागते. सिमेंटसाठी १०० किलो शुद्ध चुनखडक भाजला की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड दगडातूनच सुटतो. १४५० अंशांच्या भट्टीचं इंधन वेगळं.

मिक्स डिझाइनचं, म्हणजे काँक्रीटमधल्या घटकांचं प्रमाण ठरवण्याचं, भारतीय मानक, आयएस १०२६२, १९८२ साली आलं. त्याचं गणित पाण्यापासून सुरू होतं. घनमीटरला १८६ लिटर पाणी आणि पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ धरलं तर ४१३ किलो सिमेंट लागतं. चांगल्या अॅडमिक्श्चरने, म्हणजे कमी पाण्यातही माल सहज पसरू देणाऱ्या रसायनाने, पाणी २० टक्के घटवलं की त्याच प्रमाणाला ३३१ किलो पुरतं. मला हीच सगळ्यात मोठी बचत वाटते, आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. नदीच्या वाळूऐवजी आपल्याकडे आता बेसाल्टची क्रश सँड वापरतात. तिचे दाणे टोकदार, त्यात भुकटी जास्त. चाळून दाण्यांचं प्रमाण तपासलं नाही तर ती पुन्हा पाणी मागते.

उरलेल्या सिमेंटमधला क्लिंकर, म्हणजे भट्टीत भाजून निघालेला भाग, घटवायला फ्लाय अॅश, म्हणजे वीजकेंद्रातल्या कोळशाची बारीक राख, आहे. पीपीसीत, म्हणजे अशा मिश्र सिमेंटमध्ये, ती ३५ टक्क्यांपर्यंत चालते. २०२३ मध्ये भाजलेली चिकणमाती आणि चुनखडकाची पूड असलेल्या सिमेंटलाही भारतीय मानक मिळालं. सुरखीचंच रसायन ते, फक्त नेमकं मोजलेलं.

अशा सिमेंटची ताकद सावकाश येते. काँक्रीट बांधकामाचं मानक आयएस ४५६ त्यासाठी साध्या सिमेंटच्या ७ दिवसांऐवजी किमान १० दिवस पाणी मारायला सांगतं. टँकरवर चालणाऱ्या साइटवर एप्रिल-मेमध्ये हे शेवटचे ३ दिवसच आधी कापले जातात.