टॉपला पिस्टन थबकतो तेव्हा

जुनी बुलेट चालू करायचा एक विधीच असतो. किक हळूहळू दाबत न्यायची. ती घट्ट लागली आणि अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर आला की थांबायचं. डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी लिव्हर) ओढून किक जराशी पुढे सरकवायची, लिव्हर सोडायची आणि मग अंगाचा भार टाकायचा. काटा मध्यावर येतो, कारण त्या क्षणी सीबी पॉइंट, म्हणजे कॉइलचा प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच, उघडतात; प्रवाह तुटतो आणि ठिणगी पडते ती तेव्हाच. म्हणजे पिस्टन टॉपच्या (त्याच्या सर्वांत वरच्या जागेच्या), मेकॅनिकच्या भाषेत टीडीसीच्या, अगदी जवळ आलेला असतो.

किक मारायला ही ‘जवळपास’ पुरते. टायमिंग, म्हणजे ठिणगीची नेमकी वेळ, लावायला पुरत नाही.

पेट्रोल-हवेचं मिश्रण ठिणगी पडताक्षणी सगळं पेटत नाही. ज्योत पसरायला वेळ लागतो. ३००० आरपीएमला क्रँक (पिस्टनला जोडलेला फिरता दांडा) एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो. म्हणून पिस्टन वर पोचण्याआधीच ठिणगी टाकावी लागते. ती फार लवकर पडली तर किक उलटी बसते, पाय शेकतो. उशिरा पडली तर गाडी ओढत नाही आणि सायलेन्सरचा बेंड तापून निळा पडतो. कास्ट आयर्न बुलेट ३५० ला इंजिन थांबलेलं असताना हे माप टॉपच्या ०.८ मिमी आधी, म्हणजे पिस्टन तेवढा खाली असताना, धरतात. वेग वाढला की अ‍ॅडव्हान्स युनिटची वजनं फाकतात आणि ठिणगी आणखी आधी आणतात.

मापाचा आरंभबिंदू म्हणजे टॉप. आणि गोची तिथेच आहे.

या इंजिनचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ९० मिमी. पिस्टन मध्यावर असताना क्रँक एक अंश फिरला की तो जवळजवळ ०.८ मिमी सरकतो. तोच एक अंश टॉपपाशी फिरवा: सरक ०.०१ मिमीहूनही कमी! टॉपपासून तीन अंश ढळलं तरी पिस्टन फार तर केसाच्या जाडीइतका खाली येतो. म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून सहा अंश पिस्टन उभाच आहे असं वाटतं. प्लगच्या भोकात सायकलची तार घालून ‘आता वर यायची थांबली’ असं ठरवणाऱ्याची चूक होते ती इथे. नजर कितीही तीक्ष्ण असो, जिथे हालचालच नाही तिथे ती काय पकडणार? शिवाय भोक तिरपं असलं तर तारेवरची मिलिमीटर पिस्टनची नसते.

उपाय मला फार आवडतो: टॉपकडे बघायचंच नाही. जुना प्लग घेऊन त्यातली चिनीमाती फोडून काढायची आणि आत बोल्ट बसवायचा. तो भोकात आवळला की पिस्टन टॉपच्या अलीकडेच अडतो. क्रँकवर अंशांची चकती लावून, अंदाजाचा टॉप शून्यावर धरायचा. इंजिन हाताने, अलगद फिरवायचं. इथे किक मारली तर पिस्टनला खड्डा पडेल. समजा २८ अंश आधी अडलं, आणि उलट फिरवल्यावर ३४ अंश नंतर. खरा टॉप दोहोंच्या मध्यावर, म्हणजे अंदाजापेक्षा ३ अंश पुढे. तिथे, २८ आणि ३४ अंशांवर, पिस्टन चांगल्या वेगाने सरकतो, त्यामुळे अडण्याची जागा नेमकी कळते.

यज्ञवेदी आखायच्या प्राचीन ग्रंथांतली, म्हणजे शुल्बसूत्रांतली, दिशा काढायची रीत हीच. भर दुपारी शंकूची (उभ्या रोवलेल्या खुंटीची) सावली इतकी हळू बदलते की ती सर्वांत आखूड कधी झाली ते सांगता येत नाही. म्हणून शंकूभोवती वर्तुळ काढायचं आणि सावलीचं टोक सकाळी व दुपारनंतर त्याला कुठे टेकतं त्या खुणा करायच्या. त्यांना जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम.

फोर स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत टॉप दोनदा येतो आणि आपल्याला कॉम्प्रेशनचा, म्हणजे मिश्रण दाबलं जातं तेव्हाचा, हवा. बोल्ट काढून भोकावर अंगठा ठेवा. हवा अंगठा ढकलू लागली की पुढे येणारा टॉप तोच. टायमिंग लावण्याआधी पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी करून घ्यावा, कारण गॅप बदलला की टायमिंगही हलतं.

आता इंजिन ०.८ मिमीच्याही बरंच मागे न्यायचं आणि नेहमीच्या दिशेने पुढे आणत तिथे थांबायचं, म्हणजे गिअरच्या दात्यांमधला ढिलेपणा एकाच बाजूला राहतो. पॉइंटला टेस्ट बल्ब जोडा, इग्निशन चालू करा आणि पॉइंटची प्लेट हळूहळू फिरवा. बल्ब लागला की स्क्रू आवळा. आवळताना प्लेट सरकते, म्हणून पुन्हा एकदा तपासा.