कोंबड्यांच्या खाद्यातील वनौषधी: कशासाठी द्यायच्या, कशासाठी नाही

'औषधी पावडर चालू आहे, मग लस कशाला?' असे आम्हाला वरचेवर विचारले जाते. पावडर विकणारे आम्हीच, तरी आमचे उत्तर ठरलेले आहे: लस चुकवू नका. मानमोडी (राणीखेत) किंवा गंबोरोविरुद्ध नेमकी प्रतिपिंडे (रोगजंतूंना रोखणारी प्रथिने) तयार व्हायची तर शरीराला त्या विषाणूची ओळख करून द्यावी लागते. ते काम लसीचे, गुळवेल-तुळशीचे नव्हे.

पिल्लू बलकातून आईची प्रतिपिंडे घेऊन येते. दोन-तीन आठवड्यांत ती ओसरतात आणि स्वतःची ताकद अजून पुरती आलेली नसते. गुदद्वाराच्या वरच्या अंगाला बर्सा नावाची छोटी पिशवी असते; प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी तिथे तयार होतात. गंबोरो नेमका तिच्यावरच येतो, बहुधा तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात. मेलेला पक्षी उघडला तर बर्सा आधी सुजलेली, बुळबुळीत पिवळसर थराने वेढलेली दिसते. काही दिवसांनी आक्रसून बारीक होते. वाचलेल्या पक्ष्यांनाही मग पुढच्या लसी नीट लागू पडत नाहीत.

वनौषधींची मदत होते ती शरीरावरचा ताण हलका करायला. हळदीतील कर्क्युमिन दाह कमी करते. गुळवेल आणि अश्वगंधा दिल्यावर लसीनंतरची प्रतिपिंडे वाढल्याचे काही प्रयोगांत दिसले, काहींत फरक पडला नाही. म्हणून आम्ही हमी देत नाही. आवळ्याचे म्हणाल तर कोंबडी क जीवनसत्त्व स्वतःच्या मूत्रपिंडात बनवते, एरवी बाहेरून लागत नाही. कडक उन्हाळ्यात मात्र ते कमी पडते.

बुरशी लागलेला मका असेल तर कोणतीही पावडर वाया गेली समजा. त्या बुरशीचे विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, यकृत बिघडवते, प्रतिकारशक्तीही खचवते आणि मका नंतर वाळवला तरी ते जात नाही. साठवतानाच ओलावा 13 टक्क्यांच्या आसपास ठेवा. ओले लिटर (शेडमध्ये जमिनीवर अंथरलेला तूस-भुसा) आणि अमोनियाचा उग्र वास यांचेही तेच. श्वासनलिकेचे अस्तर खराब झाले की जंतूंना वाट मोकळी.

पिशवीवर 'टनाला 1 किलो' लिहिले असेल तर ते किलोमागे 1 ग्रॅम झाले. एवढीशी पावडर थेट मिक्सरमध्ये टाकली तर एका पोत्यात जास्त, दुसऱ्यात नाहीच, असे होते. आधी 10 किलो भरड्यात हाताने नीट कालवा, मग मिक्सरला टाका. प्रमाण मनाने वाढवू नका. कडुनिंबासारखे कडू घटक जास्त झाले की पक्षी खाद्य सोडतात. पाण्यातून लस असेल त्या दिवशी त्या पाण्यात आमचे किंवा कुणाचेच द्रव औषध मिसळू नका.

माना वाकड्या होऊ लागल्या, हिरवी पातळ विष्ठा दिसली किंवा एकाएकी मर वाढली, तर डोस दुप्पट करत बसू नका. त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवा.