‘किडनीला सूज’ म्हणजे नेमकं काय?

पोटातल्या बाळाच्या सोनोग्राफीत ‘किडनीला सूज’ असं कळलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. पण ती सूज नसतेच. मूत्रपिंडातल्या पोकळीत लघवी साचते आणि पोकळी फुगते, इतकंच. द्रवातून ध्वनिलहरी आरपार जातात, प्रतिध्वनी उमटत नाही, म्हणून साचलेली लघवी पडद्यावर काळीभोर दिसते. सोनोग्राफीला मूत्रमार्गातले दोष एवढे सहज सापडतात ते यामुळेच.

ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये पोटातल्या गाठी ध्वनिलहरींनी दाखवल्या, तेव्हा चित्रं फारच धूसर होती. सिडनीत विल्यम गॅरेट आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये जन्माआधीच मूत्रपिंडातल्या पुटींचं (द्रव भरलेल्या पिशव्यांचं) निदान प्रसिद्ध केलं, १९७५ मध्ये मूत्रमार्गातल्या अडथळ्याचं. मग हलतं चित्र दाखवणारी यंत्रं आली आणि बाळाचं मूत्राशय भरताना, रिकामं होताना दिसू लागलं.

गर्भजल हा दुसरा धागा. गरोदरपणाच्या उत्तरार्धात ते बहुतांशी बाळाची लघवीच असतं आणि फुप्फुसांच्या वाढीलाही ते लागतं. दोन्ही मूत्रपिंडं नसलेल्या बाळांची फुप्फुसं खुरटलेली असतात, हे एडिथ पॉटर यांनी १९४६ मध्ये मांडलं होतं, पण शवविच्छेदनांवरून. आता सोनोग्राफीत कमी झालेलं गर्भजल जन्माआधीच दिसू लागलं.

दिसलं की हात शिवशिवतात. सॅन फ्रान्सिस्कोत मायकेल हॅरिसन यांच्या चमूने १९८१ मध्ये गर्भाशय उघडून बाळाच्या तुंबलेल्या लघवीला वाट करून दिली. बाळ वाचलं नाही. फुप्फुसांची वाढ आधीच खुंटली होती. पुढे मूत्राशयातून गर्भजलात नळी बसवण्याची चाचणी झाली. तिला १५० स्त्रिया हव्या होत्या, मिळाल्या ३१. तिचे २०१३ चे निष्कर्ष त्यामुळे अधांतरीच राहिले.

खरा गोंधळ सौम्य फुगवट्याचा होता. कित्येकांचा तो आपोआप ओसरतो, हे कळायला बाळांवर वर्षानुवर्षं नजर ठेवावी लागली. किती फुगवटा म्हणजे दोष, यावरही डॉक्टरांचं एकमत नव्हतं. १९९३ मध्ये फुगवट्याची सौम्य ते तीव्र अशी प्रतवारी ठरली. २०१४ मध्ये मोजमापावर सहमती झाली: पोकळीची रुंदी गरोदरपणाच्या २८ आठवड्यांआधी ४ मिलिमीटर, नंतर ७ किंवा त्याहून जास्त असली, तर तो फुगवटा. जन्मल्यावरची पहिली सोनोग्राफीही, गंभीर अडथळ्याची शंका नसेल तर, ४८ तास थांबून करतात. पहिल्या दिवशी बाळाला लघवीच कमी होते, आणि फुगवटा असूनही दिसेलच असं नाही.