पार्श्वभूमी : युक्रेनचे युद्ध आणि कापसावरचे अकरा टक्के

गणेश चतुर्थीला कापसाचा मुहूर्त करण्याची रीत खानदेशात जुनी आहे. धरणगाव, बोदवडकडे वजनकाट्याची पूजा होते आणि पहिल्या वेचणीचा थोडाफार कापूस चढ्या भावाने घेतला जातो. तो शकुनाचा भाव. बाजारभाव नव्हे, हे देणारा-घेणारा दोघेही जाणतात. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला आली. त्याच दिवशी, रशियन तेल घेतल्याचा दंड धरून, भारतीय मालावरचे अमेरिकी शुल्क ५० टक्क्यांवर गेले आणि दुसऱ्या दिवशी दिल्लीने परदेशी कापसावरच्या ११ टक्के आयात शुल्काची माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. जळगाव, धुळे, नंदुरबारात युक्रेन युद्धाची चर्चा आधीपासून होतीच. त्या आठवड्यापासून ती कापसाच्या भावाची चर्चा झाली.

दूरच्या युद्धाने इथला भाव हलण्याची ही पहिली वेळ नाही. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत दक्षिणेकडची बंदरे अडवली गेली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कच्चा माल तुटला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. रेल्वे खानदेशात नुकतीच पोहोचत होती. युद्ध थांबताच भाव कोसळला. पेठा उरल्या, शेतकऱ्याकडे कर्ज उरले.

त्यानंतरचा मोठा काळ इथे महत्त्वाचा आहे तो एका वेगळ्याच कारणासाठी. १९७२ पासून सुमारे तीन दशके महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती, म्हणजे शेतकऱ्याचा कापूस राज्यच घेत असे. १९७१ चा भारत-सोव्हिएत करार, १९७३ चा तेलाचा भडका, अफगाणिस्तानच्या प्रश्नावर १९८० च्या जानेवारीत भारताने संयुक्त राष्ट्रांत मतदान टाळणे, या सगळ्यावर गावोगावी वाद झाले. पण कापसाचा भाव राज्य ठरवत होते. महासत्तांच्या भांडणाची झळ बसली ती डिझेल आणि खताला. अलिप्ततेची किंमत कापूसवाल्याला थेट मोजावी लागली नाही, म्हणून ‘आपण कोणाच्याच बाजूचे नाही’ हे धोरण इथे कधी फारसे टोचले नाही. खरेदी योजना गेली आणि हा आडोसाही गेला.

२४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेन युद्ध पेटले. भारताने सुरक्षा परिषदेत आणि आमसभेत पुन्हा तटस्थ राहणे पसंत केले. युद्धाआधी भारताच्या कच्च्या तेलाच्या आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्याही आत होता. पुढे तो एक तृतीयांशाच्या वर गेला. तेल स्वस्त मिळाले, देशाचे परकीय चलन वाचले, हा युक्तिवाद खोटा नाही. पण मे २०२२ मधली अबकारी करकपात आणि मार्च २०२४ मधली दोन रुपयांची कपात यांच्यामध्ये पंपावरचा डिझेलचा भाव जवळजवळ गोठलेला होता. ट्रॅक्टरची पाळी आणि फवारणीचा खर्च त्या स्वस्ताईने कमी झाला नाही.

कापसाची बाजू त्याच वर्षी गुंतली. परदेशी कापसावर फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात ११ टक्के शुल्क आले होते. २०२२ च्या सुरुवातीला खानदेशात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेला. १४ एप्रिल २०२२ पासून सरकारने शुल्क माफ केले आणि माफी ऑक्टोबरअखेरपर्यंत चालवली. पुढच्या हंगामात दहा हजाराच्या आशेने शेतकऱ्यांनी कापूस घरात भरून ठेवला. ओटा, माजघर, पोटमाळा, जिथे जागा तिथे कापूस. त्याचे काय होते ते कापूस पिकवणाऱ्या घरांना माहीत आहे: वजन घटते, रंग पिवळट पडतो, उंदीर लागतात, ठिणगीची भीती राहते आणि अंगाला खाज सुटते. भाव मात्र सात-आठ हजारांच्या आसपास घुटमळला.

आता २०२५ कडे येऊ. इथे शब्दांचा घोळ इतका झाला आहे की तो सोडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बोलण्यात सगळ्यालाच ‘टॅरिफ’ म्हणतात. प्रत्यक्षात शुल्के दोन होती आणि त्यांच्या दिशा उलट होत्या. पहिले अमेरिकेचे, आपल्या मालावरचे: ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि रशियन तेल घेतल्याबद्दल २७ ऑगस्टपासून आणखी २५. दुसरे आपले, बाहेरून येणाऱ्या कापसावरचे ११ टक्के, जे १९ ऑगस्टपासून काढले. पहिले वाढले म्हणून दुसरे उतरवले, असा तो संबंध. अमेरिकेत तयार कपड्यांची विक्री अडचणीत आली, तेव्हा कापड उद्योगाला कच्चा माल स्वस्त मिळावा हा हेतू सांगितला गेला.

‘आयात खुली केली’ हे म्हणणेही चूक आहे. आयात आधीही खुलीच होती, तिच्यावर कर होता. आणि ‘अमेरिकेचा कापूस आणला’ हेही अर्धेच. माफी देश पाहून दिलेली नव्हती. ब्राझीलचा, ऑस्ट्रेलियाचा, आफ्रिकेचा कापूसही तिच्यात आला. ऑस्ट्रेलियाला तर व्यापार कराराने आधीच ५१ हजार टन, म्हणजे सुमारे तीन लाख गाठी, शुल्कमुक्त पाठवण्याची मुभा होती. ११ हा आकडाही एकसंध नाही: ५ टक्के मूळ सीमाशुल्क, ५ टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर, आणि या दहावर दहा टक्के अधिभार म्हणजे एक. शेतीच्या नावाने घेतलेला उपकरही या माफीत गेला, याची चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

खरा वाद तारखांचा आहे. पहिली माफी १९ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर, सहा आठवड्यांची. परदेशात सौदा करून गाठी भारतीय गोदीवर यायला दीड ते दोन महिने लागतात आणि शुल्क लागते ते साधारणपणे माल इथे आल्यावर भरलेल्या नोंदपत्राच्या तारखेने, तिथल्या बंदरातून निघाल्याच्या तारखेने नाही. म्हणजे सहा आठवड्यांत फायदा झाला तो वाटेत असलेल्या किंवा बंदरात आधीच येऊन थांबलेल्या मालाला. गिरण्यांनी ही अडचण मांडली आणि मुदत ३१ डिसेंबर झाली. गिरण्यांच्या दृष्टीने ते रास्त होते. पण खानदेशातला पूर्वहंगामी, ठिबकवरचा कापूस सप्टेंबर-ऑक्टोबरात निघू लागतो आणि दिवाळीनंतर आवक भरात येते. परदेशी गाठी ३१ डिसेंबरच्या आत उतरवण्याची घाई आणि इथल्या शेतकऱ्याची रब्बीच्या पेरणीसाठी, उधारी फेडण्यासाठी विकण्याची घाई, दोन्ही एकाच तिमाहीत आल्या. शुल्क काढायचेच होते तर ते एप्रिल ते ऑगस्टमध्ये, शेतकऱ्याचे घर रिकामे असताना काढता आले असते. निर्णयातले सर्वांत चुकीचे काही असेल तर ते हे.

११ टक्क्यांचा क्विंटलवर किती परिणाम होतो, याबद्दल मोघम बोलले जाते. मासल्यादाखल हिशोब करू. रुई म्हणजे सरकी काढलेला कापूस, आणि तिची खंडी ३५६ किलोची. शंभर किलो कापसातून साधारण ३४ किलो रुई, ६४ किलोच्या आसपास सरकी, बाकी घट. म्हणजे एका खंडीला जवळपास साडेदहा क्विंटल कापूस लागतो. परदेशी रुई शुल्काशिवाय खंडीला ५२ हजारांना पडत असेल, तर ११ टक्क्यांनी ती ५७,७२० ला पडते. शुल्क गेले की गिरणी इथल्या रुईला तेवढेच, ५,७२० रुपये, कमी द्यायला मोकळी होते. साडेदहाने भागले तर क्विंटलमागे ५४५ रुपये. कापसातून सरकी वेगळी करणारा जिनवाला आपला खर्च आणि नफा आधी बाजूला काढतो, त्यामुळे हा तोटा मधे कुठे जिरत नाही. खेडा खरेदीच्या, म्हणजे गावात येऊन घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या, काट्यावर शेतकऱ्याच्याच पदरात पडतो. सरकीचा भाव चांगला असेल तर तोटा थोडा झाकला जातो, एवढेच.

केळीचे गणित याहून वेगळे चालते. रावेर-यावलची निर्यातीची केळी १३ किलोच्या आसपासच्या खोक्यांत, १३-१४ अंशांच्या कंटेनरमधून आखाताकडे जाते. तापमान याखाली गेले की साल करपल्यासारखी काळवंडते, वर गेले की माल बोटीतच पिकू लागतो. इराण, इराककडे जाणारा माल होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जातो. जून २०२५ मधल्या इस्राएल-इराण युद्धाचे ते बारा दिवस म्हणूनच केळीवाल्यांना युक्रेनच्या तीन वर्षांपेक्षा जवळचे वाटले. खताचे तर महासत्तांशी नाते थेट आहे. चीनने फॉस्फेटयुक्त खतांची निर्यात आवळली की डीएपी खताची गोणी दुकानात दिसेनाशी होते आणि मिळाली तर सोबत नको असलेला माल घेण्याची सक्ती, म्हणजे लिंकिंग, येते.

शुल्कमाफीच्या बाजूने एक उत्तर नेहमी दिले जाते: भाव पडला तरी हमीभाव आहेच. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला तो ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये क्विंटल होता. पण तो मिळवायचा तर आधी मोबाइल अॅपवर नोंदणी, सातबाऱ्यावर कापसाची पीक पाहणी, आधार जोडलेले बँक खाते आणि मग केंद्रावरची मिळालेली तारीख. भाडेपट्ट्याने कसणाऱ्याच्या नावावर सातबाराच नसतो, तो इथेच गळतो. यातून पार पडलेल्या गाडीत आर्द्रतामापक खुपसला जातो. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर प्रत्येक टक्क्याला एक टक्का कट्टी, १२ च्या वर माल परत. ओल १२ निघाली तर ८,११० चे ७,७८६ होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसात भिजलेली पहिली वेचणी दोन-तीन उन्हे दिल्याशिवाय १२ च्या खाली येत नाही. त्यात कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, मिसळली असेल तर प्रतवारीत वेगळी कपात. वाळवायला अंगण नाही, थांबायला पैसा नाही, असा शेतकरी गाडी वळवून खेडा खरेदीच्या काट्यावर नेतो, आणि तिथला भाव त्या आठवड्यात बंदरावर किती परदेशी गाठी उतरल्या यावरही ठरलेला असतो.