नाव कोणाचं, काम कोणाचं: पुण्यातल्या ग्रंथश्रेयाची पार्श्वभूमी

विज्ञानाच्या चांगल्या नियतकालिकातला शोधनिबंध आज उघडला, तर संदर्भसूचीच्या आसपास एक छोटा परिच्छेद दिसतो. कल्पना कोणाची, प्रयोग कोणी केले, आकडेमोड कोणी केली, पहिला खर्डा कोणी लिहिला, हे त्यात नावानिशी दिलेलं असतं. पुण्यातल्या प्रयोगशाळांतून आणि विद्यापीठातून बाहेर जाणाऱ्या कितीतरी निबंधांना तो जोडावा लागतो. ही पद्धत नवी असली तरी तिच्यामागचा प्रश्न या शहराला जुना आहे. शब्दकोश, ज्ञानकोश, चिकित्सक आवृत्त्या (अनेक हस्तलिखितं ताडून मूळ पाठ ठरवणाऱ्या), इतिहासाची साधनं अशी अनेक हातांनी होणारी कामं पुण्यात शे-दोनशे वर्षं चालली आहेत, आणि त्यातले किती हात नावानिशी ओळखले गेले याचा हिशोब अजून अपुरा आहे.

छापखाना येण्याच्या कितीतरी आधी मराठीत श्रेयाची नोंद व्यवस्थित होत असे. ज्ञानेश्वरीच्या प्रचलित प्रतींच्या शेवटी शके १२१२ ची जी प्रसिद्ध ओवी येते, तिच्यात टीका ज्ञानेश्वरांनी केली आणि 'सच्चिदानंदबाबा आदरें, लेखकु जाहला' असं दोघांचं काम वेगवेगळं सांगितलं आहे. रचणारा एक, उतरवून घेणारा दुसरा, आणि दोघांनाही ग्रंथातच जागा. पुढे शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांनीही आपल्या कामाची नोंद ओवीबद्ध केली. शिवाय ज्ञानेश्वरीत कोणी पदरची ओवी घालील, तर ते अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवल्यासारखं होईल, असा इशाराही दिला. संपादकाचं काम रचनेहून वेगळं आहे आणि त्याची मर्यादा कुठे संपते, याचं इतकं स्वच्छ भान सोळाव्या शतकात होतं, ही गोष्ट आपण पुरेशी सांगत नाही.

अभंगात हे काम नाममुद्रा करते. 'तुका म्हणे' आलं की रचना कोणाची ते कळतं. पण मुद्रा कोणालाही घेता येते. नामदेवांच्या नावावर जमलेल्या अभंगांमधून विष्णुदास नाम्याची रचना निराळी काढताना अभ्यासकांना फार कष्ट पडले. तुकोबांचे अभंग उतरवून घेणाऱ्यांत चाकणचे संताजी जगनाडे आणि गंगाराम मवाळ यांची नावं परंपरेने जपली. मुद्रेचा सगळ्यात ठळक किस्सा मात्र विसाव्या शतकातला आणि पुण्यातलाच आहे. १९३६ मध्ये प्रभातच्या 'संत तुकाराम' चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी 'आधी बीज एकले' लिहिलं. ते इतकं अस्सल उतरलं की लोक ते तुकोबांचाच अभंग म्हणून गाऊ लागले. गाथेत तो नाही. कवीला याहून मोठी दाद मिळणं कठीण, तरी आठवल्यांचं नाव त्या ओळींपासून सुटत गेलं ते गेलंच.

इंग्रजी अमदानीत कोश आले आणि श्रेयाचा तोल बदलला. १८२९ मध्ये छापून झालेला 'महाराष्ट्र भाषेचा कोश' जगन्नाथशास्त्री क्रमवंत आणि त्यांच्या सहकारी शास्त्र्यांनी केला. 'पंडितांचा कोश' अशीच त्याची ओळख आहे. दोनच वर्षांनी, १८३१ मध्ये, इंग्रज लष्करी अधिकारी मोल्सवर्थ याचा मराठी-इंग्रजी कोश आला, आणि त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये. त्याला कँडी बंधूंचं साहाय्य होतं. त्यांपैकी मेजर थॉमस कँडी पुढे पुण्याच्या संस्कृत कॉलेजचे प्रमुख होते. शब्द गोळा करून त्यांचे अर्थ लावण्यात शास्त्री मंडळींचा मोठा वाटा होता. तरी आज आपण 'मोल्सवर्थमध्ये बघ' म्हणतो. मोल्सवर्थची मेहनत थोर होती यात शंका नाही. पण एका आडनावाखाली एवढे लोक झाकले जाणं, ही पुढच्या अनेक कामांची रीतच होऊन बसली.

श्रेय द्यायचा अधिकार कोणाकडे, हा निराळा आणि जास्त बोचरा प्रश्न. पेशवाईत पुण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजांनी तो निधी चालू ठेवला आणि पुढे सुधारकांच्या आग्रहाने त्यातला काही भाग मराठी ग्रंथांना उत्तेजन देण्याकडे वळला. १८५१ पासून दक्षिणा प्राइझ कमिटी हे काम पाहू लागली. मराठीत सरकारमान्य लेखक कोण, हे ठरवणारी ती पहिली मोठी व्यवस्था म्हणावी लागेल. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून या कमिटीकडे पाठवलं. ते नाकारलं गेलं. छापून यायला १९७९ साल उजाडलं. मराठी नाटकाच्या इतिहासाची सुरुवात सांगताना हे नाटक सव्वाशे वर्षं जमेतच नव्हतं, ते या एका नकारामुळे. हस्तलिखित टिकलं म्हणून आज आपण बोलू तरी शकतो.

कायद्याने नोंदीची सवय लावली. १८६७ च्या अधिनियमामुळे प्रत्येक छापील पुस्तकाची सरकारदरबारी नोंद होऊ लागली. लेखक, भाषांतरकार किंवा संपादक कोण, मुद्रक कोण, प्रती किती, किंमत काय आणि हक्क कोणाकडे, असे रकाने त्यात होते. पुस्तक लिहिणारा आणि पुस्तकाचा मालक या दोन व्यक्ती असू शकतात, हे त्या रकान्यांतच गृहीत आहे. १९१४ च्या कॉपीराइट कायद्यानंतर स्वतंत्र भारताचा १९५७ चा कायदा आला आणि २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. त्यातलं कलम ५७ प्रत्येक लिहित्या माणसाने वाचून ठेवावं. हक्क विकले तरी कृती आपली आहे असं म्हणण्याचा अधिकार, आणि प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची मालकी मात्र सहसा संस्थेची असते. कोश आणि आवृत्त्यांमध्ये आयुष्य घालवलेल्यांच्या वाट्याला बहुधा हीच स्थिती आली.

त्यातलं सगळ्यात मोठं काम भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातलं. संस्था १९१७ ची. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ मध्ये सुरू झालं, १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले, १९२७ मध्ये पहिला खंडांश निघाला आणि १९३३ मध्ये आदिपर्व पुरं झालं. १९४३ मध्ये सुकथनकर गेले. मग श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि १९६१ पासून परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी धुरा घेतली. १९६६ मध्ये, सत्तेचाळीस वर्षांनी, काम पूर्ण झालं. १२५९ हस्तलिखितं पाहिली गेली.

हे काम कसं चाले ते पाहिलं, की श्रेयाचा गुंता लक्षात येतो. चौकोन आखलेल्या मोठ्या कागदावर मूळ श्लोक अक्षर-अक्षर सुटं करून लिहायचा. मग एकेक पोथी घेऊन तिच्यातला फरक त्या त्या अक्षराखालच्या चौकोनात नोंदवायचा. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्या वाचणारे शास्त्री आणि पदवीधर हे करत. काही पोथ्यांची जुळणी शांतिनिकेतनात आणि तंजावरला होई. एवढं झाल्यावर संपादक पाठ निवडणार. सुकथनकरांची विद्वत्ता त्या निवडीत दिसते आणि तिला तोड नाही. पण चौकोनातलं एक अक्षर चुकलं असतं, तर ती विद्वत्ता चुकीच्या पायावर उभी राहिली असती.

श्रेय नोंदवण्यात ही आवृत्ती तिच्या काळाच्या पुढे होती, हे आधी सांगायला हवं. प्रत्येक पर्वाच्या संपादकाचं नाव स्वतंत्र आहे: विराटपर्व रघुवीर, उद्योगपर्व सुशीलकुमार दे, सभापर्व अमेरिकेचे फ्रँकलिन एजर्टन, शल्यपर्व रा. ना. दांडेकर. शीर्षकपानावर सहकार्य करणाऱ्या विद्वानांची यादी आहे, आणि पैसा देणाऱ्या औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींचा उल्लेख चित्रकार म्हणूनही आहे, कारण चित्रं त्यांनी काढली होती. तळटीपांमध्ये तर प्रत्येक पाठभेदाची जबाबदारी कोणत्या पोथीवर, ते संकेताक्षराने दिलेलं आहे. पोथी कुठल्या संग्रहातली, कितव्या क्रमांकाची, सगळं मिळतं. मिळत नाही ते एवढंच, की ती पोथी त्या दिवशी कोणी वाचली. प्रस्तावनांमध्ये विभागातल्या मंडळींचे आभार आहेत, पण वाचकाच्या हाती पडणाऱ्या पानावर पोथीला ओळख आहे आणि वाचणाऱ्याला नाही. मला ही उणीव त्या थोर कामाच्या अभिमानासकट खटकत आली आहे.

डेक्कन कॉलेजमधला संस्कृत कोश याच जातीचा. १९४८ मध्ये सु. मं. कत्रे यांनी योजना आखली, सुमारे दीड हजार ग्रंथांमधून शब्दनोंदींच्या जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या, आणि अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली १९७० च्या दशकात पहिला खंड निघू लागला. काम आजही चालू आहे. पहिली चिठ्ठी लिहिणारा कोणी आज खंड पाहायला नाही. कोशाची प्रत्येक नोंद त्या चिठ्ठ्यांवर उभी आहे.

विज्ञानात हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. १९७८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक व्हँकुव्हरला जमले, ते हस्तलिखितांचा नमुना एकसारखा करायला. लेखक कोणाला म्हणायचं याचे निकष त्यांनी १९८५ मध्ये घातले, कारण विभागप्रमुखाचं नाव काम न करता जोडणं आणि राबणाऱ्याचं नाव गाळणं या दोन्ही गोष्टी बोकाळल्या होत्या. मग लेखकांची संख्याच फुगली. गुरुत्वीय लहरी सापडल्याचा २०१६ चा निबंध हजाराहून अधिक नावांचा आहे, आणि त्यात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रातले शास्त्रज्ञ आहेत. अशा यादीत पहिलं नाव कोणाचं याला अर्थ उरत नाही. म्हणून १४ प्रकारच्या कामांची एक प्रमाण यादी तयार झाली आणि २०२२ मध्ये तिला औपचारिक मानकाचा दर्जा मिळाला. निबंधामागचा तो छोटा परिच्छेद या यादीतून येतो. साधनं पुरवणं, माहिती नीट लावून ठेवणं, पडताळणी करणं ही कामं तीत स्वतंत्र मोजली आहेत. चौकोनात अक्षरं भरणाऱ्या शास्त्र्याला तिथे जागा मिळाली असती.

व्हँकुव्हरच्या निकषांत २०१३ मध्ये चौथी अट आली: नाव हवं असेल, तर संपूर्ण कामाबद्दल उत्तर द्यायची तयारी हवी. नाव आणि जबाबदारी यांची सरमिसळ किती महागात पडते, हे पुण्याने त्याआधीच पाहिलं होतं. एका परदेशी अभ्यासकाच्या शिवचरित्रविषयक पुस्तकात पुण्यातल्या विद्वानांचे आभार मानले होते. तेवढ्यावरून डिसेंबर २००३ मध्ये एका ज्येष्ठ विद्वानाच्या तोंडाला काळं फासलं गेलं आणि ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेची मोडतोड झाली. ऋणनिर्देशात नाव असणं म्हणजे मजकुराचं उत्तरदायित्व असणं नव्हे. हा फरक तेव्हा पुरेशा मोठ्या आवाजात कोणी सांगितला नाही.

विद्यापीठांत सध्या श्रेय गुणांत मोजलं जातं. अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण, आणि त्याहून जास्त असतील तर पहिल्या किंवा प्रमुख लेखकाला ७०, बाकीच्या प्रत्येकाला ३०. त्याच वर्षी वाङ्मयचौर्याविरुद्धचे नियम आले: साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, पुढे चढत्या पायऱ्या. दर्जेदार नियतकालिकांची 'केअर' यादी करण्याचं कामही पुणे विद्यापीठातल्या कक्षाकडे आलं. ती यादी २०२५ मध्ये बंद झाली. या गुणांमुळे नावांच्या क्रमावरून भांडणं वाढली आहेत आणि सूची करणं, पाठ जुळवणं, कोशाची नोंद लिहिणं यांकडे तरुण फिरकत नाहीत, असं मी आसपास पाहतो. मराठी पुस्तकात श्रेयासाठी जागा आधीच आहे. शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला मुद्रक, अक्षरजुळणी, मुखपृष्ठाचा चित्रकार यांची नावं छापतोच आपण. त्याच पानावर मुद्रितशोधन कोणी केलं, सूची कोणी केली, हस्तलिखितं कोणी वाचली, हेही छापायला प्रकाशकाला दोन ओळी जास्त लागतील.